गेट एन्ट्रीपासून मोजा

प्रति,
महाराष्ट्रात कारखाने असलेल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे स्वतंत्र संचालक. विशेषतः लेखापरीक्षण समितीवर बसणारे

विषय : सूक्ष्म व लघु पुरवठादारांची बिलं

स. न. वि. वि.

आपल्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला की सामाजिक दायित्वाची पानं आधी लागतात. शाळेला दिलेली बाकं, बंधाऱ्यात अडलेलं पाणी, नवा रंग दिलेली अंगणवाडी. फोटो चांगले असतात, आणि कामंही बहुतेक वेळा खरीच झालेली असतात. त्याच अहवालात बरीच पानं पुढे, हिशेबाच्या टिपांमध्ये, सूक्ष्म व लघु उद्योगांना किती देणं आहे याची एक ओळ येते. तिच्याखाली बारीक अक्षरात एक खुलासा असतो: कंपनीकडे असलेल्या माहितीवरून ज्या पुरवठादारांची ओळख पटली तेवढ्यांपुरताच हा आकडा आहे, आणि लेखापरीक्षकांनी त्यावर भिस्त ठेवली आहे. हे पत्र त्या ओळीबद्दल आणि त्या खुलाशाबद्दल आहे.

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, गोकुळ शिरगाव, बुटीबोरी अशा वसाहतींतल्या लहान कारखान्यांचे हिशेब, जीएसटी आणि वसुलीचे अर्ज पाहणारी आम्ही माणसं. कुठल्याही कंपनीचं नाव या पत्रात नाही. पद्धत इतकी सर्रास सारखी आहे की नावाने काही फरक पडत नाही.

कायदा काय म्हणतो ते आपल्याला ठाऊक असेल, तरी त्यातला एक शब्द नीट पाहावा लागेल. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, पण ती तारीख माल स्वीकारल्याच्या दिवसापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. ९० दिवसांच्या करारावर पुरवठादाराने सही केली असली तरी उपयोग नाही, कारण कलम २४ प्रमाणे हा कायदा इतर कायद्यांवर मात करतो आणि कलम १५ करारावर. आता तो शब्द : 'स्वीकारल्याचा दिवस'. कायद्याने त्याची व्याख्या दिली आहे. माल प्रत्यक्ष पोचला तो दिवस. खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली तरच तो दिवस पुढे सरकतो, हरकत दूर होईपर्यंत. लेखी हरकत नसेल तर माल ज्या दिवशी फाटकातून आत आला त्याच दिवशी तो स्वीकारला गेला. जीआरएन (माल मिळाल्याची नोंदपावती) निघाल्याचा दिवस, बिल संगणकात चढल्याचा दिवस, महिनाअखेर, यांतलं काहीही कायद्यात नाही.

आणि गडबड नेमकी इथेच होते.

एक खेप घेऊ. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतलेले, तिथल्याच शेडमध्ये मशीनिंग केलेले २,००० ब्रॅकेट, नग ५०० रुपये. माल १० लाखांचा, १८ टक्के जीएसटी धरून बिल ११ लाख ८० हजारांचं. तारखा २०२४ च्या धरू, कारण त्या काळातला रिझर्व्ह बँकेचा बँक रेट पुढे लागणार आहे. ३ जूनला ट्रक आपल्या फाटकात आला, सुरक्षारक्षकाने गेट एन्ट्री मारली, चलनावर शिक्का बसला. क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) माणूस कमी होता म्हणून जीआरएन निघाला ११ जूनला. बिल लेखा विभागात गेलं तोवर महिनाअखेरीची बंद-नोंद (महिन्याचे हिशेब बंद करण्याचं काम) सुरू झाली होती, म्हणून ते चढलं २ जुलैला. पीओवर (खरेदी आदेशावर) अट छापलेली : बिल नोंदवलेल्या महिन्याच्या अखेरीपासून ६० दिवस. म्हणजे २९ सप्टेंबर. पेमेंट रन, म्हणजे देय बिलांचे पैसे एकदम सोडण्याचा दिवस, महिन्याच्या १० आणि २५ तारखेला. म्हणजे १० ऑक्टोबर.

आपल्या संगणकाच्या हिशेबी हे बिल वेळेत दिलं गेलं. कुठेही लाल रंग नाही. फाटकापासून मोजलं तर १२९ दिवस झाले. कायद्याची मुदत १८ जुलैला संपली होती. त्यानंतरचे ८४ दिवस कोणत्याही अहवालात दिसत नाहीत, कारण घड्याळच उशिरा चालू केलं गेलं. यात कुणी खोटं बोललं नाही, कुणी कागद बदलला नाही. व्यवसायातली नीती म्हटली की लाच, खोटी बिलं, आतल्या माहितीवरचे सौदे असं डोळ्यासमोर येतं. मोजायला सुरुवात कुठून करायची हे बलवान पक्षाने एकट्याने ठरवणं हाही नीतीचाच प्रश्न आहे, आणि तो रोज घडतो म्हणून कुणाला खटकत नाही.

त्या शेडमध्ये त्या ८४ दिवसांत काय होतं ते पाहू. महिन्याच्या ७ तारखेला पगार आणि टीडीएस. १५ ला भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय. २० ला जीएसटी. वीजबिलाची तारीख वेगळी. यांतली एकही तारीख मोठ्या गिऱ्हाइकाच्या पेमेंट रनसाठी थांबत नाही. भविष्यनिर्वाह निधी चुकला तर १२ टक्के व्याज, वर दंडव्याज वेगळं. कॅश क्रेडिट (बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज) खातं मर्यादेच्या वर ९० दिवस राहिलं तर बँक ते बुडीत गटात टाकते; तिथे ९० दिवस म्हणजे ९० दिवसच, बंद-नोंद बिंद काही नाही.

जीएसटीचा भाग तर मुद्दाम जवळून पाहण्यासारखा आहे. जूनमध्ये बिल फाडलं म्हणून त्यावरचा १ लाख ८० हजारांचा कर २० जुलैला देय होतो; पैसे आले का हे कुणी विचारत नाही. कच्च्या मालावर ६ लाख गेले असतील तर त्याचं १ लाख ८ हजारांचं क्रेडिट (खरेदीवर आधीच दिलेला कर) वजा जाऊन ७२ हजार रोख भरायचे. ते बहुतेक कॅश क्रेडिटमधून जातात. इकडे आपल्या कंपनीने त्याच बिलावरचं १ लाख ८० हजारांचं क्रेडिट २० ऑगस्टच्या विवरणपत्रात वळतं करून घेतलेलं असतं. कायदा खरेदीदाराला १८० दिवसांची सवड देतो; तोवर पैसे दिले नाहीत तरच क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे लहान कारखानदाराने कर्ज काढून सरकारला दिलेल्या कराचा फायदा मोठी कंपनी आधी घेते, आणि तो कर ज्या बिलात आहे ते बिल ५१ दिवसांनी देते. हे कायदेशीर आहे. न्याय्य आहे का, एवढंच आपण बैठकीत विचारावं.

आता पैशांचा हिशेब. कॅश क्रेडिटचा दर ११ टक्के धरला तर ११ लाख ८० हजारांवर ८४ दिवसांचं व्याज जवळपास ३० हजार. या कामात निव्वळ ७ टक्के सुटतात असं धरलं तर नफा ७० हजार. त्यातले ३० हजार आपल्या पेमेंट रनने खाल्ले. उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात ते असं.

या उशिरावर व्याज द्यायचं असतं. कलम १६ : बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. आपल्या उदाहरणात ते सुमारे ५५ हजार रुपये होतं. शिवाय कलम २३ प्रमाणे हे व्याज आयकरात खर्च म्हणून वजा मिळत नाही. कायदा इतका कडक असताना ते कुणी मागत का नाही? कारण मागायचं कुणाकडे, तर जो पुढच्या महिन्याचं शेड्यूल (किती नग हवेत ती मागणी) पाठवतो त्याच्याकडे. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? थकलेल्या बिलांचे दावे ऐकणाऱ्या शासनाच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो, ऑनलाइन तो घरबसल्या भरता येतो, आणि निवाडा मान्य नसेल तर खरेदीदाराला न्यायालयात जाण्याआधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. हे सगळं चांगलंच आहे. पण आमच्याकडे अर्ज भरायला येतो तो माणूस बहुतेक वेळा ते गिऱ्हाईक गमावून बसलेला असतो. ज्याचं काम अजून चालू आहे तो येत नाही. म्हणून 'आमच्याविरुद्ध परिषदेत एकही दावा नाही' हे वाक्य आपल्याला बैठकीत ऐकवलं गेलं तर त्यावरून पैसे वेळेत जातात असं समजू नये.

२०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये 'एच' हा खंड घातला. सूक्ष्म व लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळेल. १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला तेव्हा औद्योगिक वसाहतींत आशा होती. प्रत्यक्षात काय झालं? मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात पैसे येऊ लागले. बाकी अकरा महिने होतं तसंच. कारण सोपं आहे : मे महिन्यातलं बिल नोव्हेंबरमध्ये दिलं तरी दोन्ही तारखा एकाच आर्थिक वर्षात असतात, खर्च वजा मिळतोच. हा खंड चावतो तो फक्त ३१ मार्चला उरलेल्या जुन्या बाकीला. त्यामुळे ताळेबंदाच्या दिवशी सगळं पाहुणे येण्याआधी झाडलेल्या घरासारखं लख्ख दिसतं, आणि आपल्याला पाहायला मिळतो तो तेवढा एकच दिवस.

याच खंडामुळे दुसरी एक वाईट सवय लागली. मध्यम उद्योग आणि नोंदणी नसलेले पुरवठादार या तरतुदीत येत नाहीत. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारकडची नोंद) केवळ बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती असल्याने तेही येत नाहीत. मग काही खरेदी विभागांनी लहान पुरवठादारांना सुचवायला सुरुवात केली की उद्यम नोंदणी काढून टाका, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. सुचवलं जातं फोनवर; ई-मेलवर कधीच नाही. कायद्याने दिलेलं संरक्षण सोडायला लावणं हे आपल्या आचारसंहितेत कुठल्या कलमाखाली बसतं ते एकदा पाहावं. बहुतेक आचारसंहितांमध्ये पुरवठादाराने भेटवस्तू देऊ नये यावर पानभर मजकूर असतो, आणि पुरवठादारावर दबाव आणू नये यावर एक ओळही नसते.

आता अहवालातल्या त्या पहिल्या पानांकडे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मागच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. समजण्यासाठी एक कंपनी धरू : सरासरी नफा २०० कोटी, म्हणजे दायित्व ४ कोटी. तिच्याकडे ४५ दिवसांच्या वर गेलेली लहान पुरवठादारांची बाकी वर्षभर सरासरी ६० कोटी राहते असं धरा. हा पैसा बँकेकडून ८ टक्क्यांनी उचलला असता तर वर्षाला ४ कोटी ८० लाख व्याज पडलं असतं. ते वाचलं. अंगणवाडीचा रंग, बंधारा, बाकं, सगळं त्यातून निघून वर ८० लाख उरले. आवळा देऊन कोहळा काढणं याहून वेगळं काय असतं?

आणि पाहा, सामाजिक खर्चाच्या तारखा आपल्या कंपनीकडून कधी चुकत नाहीत. चालू प्रकल्पाचे न खर्चलेले पैसे वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, वेगळ्या खात्यात जातात. तिथे दंड आहे, जाहीर नाचक्की आहे, म्हणून यंत्रणा आहे. त्याच ३० एप्रिलला आणखी एक कागद दाखल होतो, एमएसएमई-१ नावाचा, आणि त्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. त्याबद्दल पुढे.

पुरवठादार हा आमचा विषय नाही, आम्ही भागधारकांना उत्तरदायी, असं कुणी संचालक म्हणेल तर त्याला कायद्याचा थोडा आधार आहे हे मान्य करायला हवं. कलम १६६(२) मध्ये संचालकाने कुणाकुणाचं हित पाहायचं याची यादी आहे : कंपनी, कर्मचारी, भागधारक, समाज, पर्यावरण. पुरवठादार हा शब्द त्यात नाही. पण सेबीच्या नोंदणी नियमांत लेखापरीक्षण समितीच्या कामांची जी यादी दिली आहे तिच्यात ठेवीदार, कर्जरोखेधारक, भागधारक यांच्यासोबत धनकोंची (कंपनी ज्यांचे पैसे देणं लागते त्यांची) देणी मोठ्या प्रमाणावर थकली असतील तर त्याची कारणं पाहणं हे कामही लिहिलेलं आहे. ज्याचं बिल थकलं तो धनकोच, मग तो बँक असो की ब्रॅकेट बनवणारा. म्हणजे हे काम आधीच आपल्या टेबलावर आहे.

आपल्यासमोर येणारे आकडे मात्र हे काम होऊ देत नाहीत. ताळेबंदासोबत देण्यांचं वयोमान दाखवावं लागतं, पण त्यातला पहिला कप्पाच 'एक वर्षाहून कमी' असा आहे. ४० दिवसांचं बिल आणि ३४० दिवसांचं बिल एकाच कप्प्यात. सेबीच्या बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता) अहवालात देणी सरासरी किती दिवसांत फेडली हा आकडा द्यावा लागतो. त्या सरासरीत मोठ्या स्टील कंपनीला आगाऊ दिलेले पैसे आणि छोट्या जॉबवर्कवाल्याचे १२९ दिवस एकत्र मिसळतात. स्टीलची खरेदी रकमेने मोठी, म्हणून सरासरी गोंडस येते. दोन्ही आकडे खरे आहेत, दोन्हींतून काहीही कळत नाही.

कळतं ते एमएसएमई-१ मधून. ज्या कंपनीचं सूक्ष्म वा लघु उद्योगाला ४५ दिवसांहून जुनं देणं आहे तिने हा नमुना वर्षातून दोनदा कंपनी मंत्रालयाकडे भरायचा : एप्रिल ते सप्टेंबरसाठी ३१ ऑक्टोबरपर्यंत, ऑक्टोबर ते मार्चसाठी ३० एप्रिलपर्यंत. जुलै २०२४ मध्ये नमुना बदलला, आणि आता केवळ बाकी किती एवढंच नाही तर ४५ दिवसांच्या आत किती दिले आणि ४५ दिवसांनंतर किती दिले हेही पुरवठादारनिहाय भरावं लागतं. म्हणजे झाडलेल्या घरामागचा केर या कागदावर येतो. हा कागद आपल्या कंपनी सचिवांकडे असतो. लेखापरीक्षण समितीच्या विषयपत्रिकेवर तो फार क्वचित येतो.

लहान कारखानदारांच्या चुका लपवायचं कारण नाही. बिलावर पीओचा लाइन नंबर नसणं, ई-वे बिलातलं नगांचं प्रमाण आणि चलनातलं वेगळं असणं, एचएसएन कोड (करासाठी मालाचा वर्ग) चुकणं हे रोजचं आहे. तिमाही विवरणपत्राची सवलत घेतलेला कारखानदार महिन्याची बिलं १३ तारखेपर्यंत वेगळी चढवायला विसरला तर खरेदीदाराच्या २बी मध्ये (जीएसटीच्या क्रेडिट-तक्त्यात) क्रेडिट दिसत नाही, आणि लेखा विभाग बिल रोखतो. कित्येकांचं उद्यम प्रमाणपत्र चार वर्षांपूर्वीचं, त्यावर उलाढालीचा जुना आकडा. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा बदलल्या : सूक्ष्मसाठी गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी, लघुसाठी २५ कोटी आणि १०० कोटी. त्यामुळे काल मध्यम असलेला आज लघु असू शकतो, आणि दोन्ही बाजूंना त्याचा पत्ता नसतो. आणखी एक : पुरवठा झाल्यानंतर नोंदणी करून मागच्या बिलांना या कायद्याचा लाभ मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ च्या निकालांत म्हटलं; २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला गेला. तरी लोक तसे अर्ज घेऊन येतात.

पण या चुकांवर उपाय बिल रोखणं हा नव्हे. क्रेडिट दिसत नसेल तर कराची रक्कम रोखा, मालाची द्या. आपल्या उदाहरणात १० लाख मोकळे करून १ लाख ८० हजार थांबवता येतात. रिजेक्शनचंही तेच. २,००० नगांत १२ नगांच्या बोअरमध्ये (भोकात) बर, म्हणजे कापल्यावर उरलेली धातूची कड, राहिली, तर वाद ६ हजारांचा आहे. त्या ६ हजारांसाठी १० लाख अडकवून ठेवायचे, आणि चार महिन्यांनी असेंब्ली लाइनवर आणखी ५ नग निघाले म्हणून परस्पर डेबिट नोट (रक्कम कापल्याची नोंद) मारायची, हे गुणवत्ता नियंत्रण नाही. १५ दिवसांत, लेखी, नग दाखवून हरकत घ्या. उरलेले पैसे वेळेवर द्या. नंतर सापडलेल्या दोषाची वसुली पुढच्या बिलातून होऊ शकते, पण पुरवठादाराला नग परत मिळाल्यावर, तोवर नाही.

ट्रेड्स, म्हणजे बिलं वटवण्याच्या ऑनलाइन व्यासपीठांबद्दलही थोडं. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या या व्यासपीठांवर खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका बोली लावतात आणि पुरवठादाराला दोनतीन दिवसांत पैसे मिळतात, तेही खरेदीदाराच्या पतीवर. खरेदीदार बुडाला तरी बँक पुरवठादाराच्या दारात येत नाही. व्यवस्था उत्तम आहे. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची झाली, त्याची मुदत ३१ मार्च २०२५ होती. पण सक्ती नोंदणीची आहे, बिल मान्य करण्याची नाही. नोंदणी करून एकही बिल मान्य न करणारी कंपनी नियम पाळणारीच ठरते. दुसरा चकवा कटौतीचा, म्हणजे आधी पैसे दिल्याबद्दल बँक कापते त्या व्याजाचा : ४५ दिवसांपुढच्या काळाची कटौतीही पुरवठादाराच्या माथी मारली तर उशीर तसाच राहिला, फक्त त्याला नवं नाव मिळालं. ४५ दिवसांपर्यंतची कटौती पुरवठादाराने सोसावी, त्यापुढची खरेदीदाराने, हे पीओच्या अटींत लिहून टाकता येतं. दोन ओळींचं काम आहे.

खरं कारण शोधायचं तर खरेदी आणि वित्त विभागाच्या वार्षिक उद्दिष्टपत्रात पाहावं. तिथे देणी फेडायचे दिवस वाढवा असा आकडा असतो आणि त्यावर बदलता पगार अवलंबून असतो. ज्या माणसाला उशिराबद्दल बक्षीस मिळतं त्याला आचारसंहितेचं प्रशिक्षण देऊन काय होणार? आपल्यापैकी बरेच जण नामनिर्देशन व मोबदला समितीवरही असतात. त्या उद्दिष्टातून सूक्ष्म व लघु पुरवठादारांची बिलं वगळा. मोठ्या पुरवठादारांशी हवी तेवढी घासाघीस होऊ दे, ते बघून घेतील.

संगणकात करायचे बदलही फार नाहीत. पुरवठादाराच्या मास्टरमध्ये (मूळ नोंदीत) उद्यम क्रमांक, वर्ग आणि तो कशाचा आहे (उत्पादन, सेवा की व्यापार) हे रकाने सक्तीचे करा आणि दर एप्रिलमध्ये ताजे करा. 'उपलब्ध माहितीनुसार' हा खुलासा त्यानंतर छापायची गरजच उरणार नाही. देय तारीख गेट एन्ट्रीच्या तारखेतून आपोआप काढा. ती तारीख संगणकात असतेच, फक्त सुरक्षा विभागाच्या मोड्यूलमध्ये पडून असते आणि लेखा विभागाच्या मोड्यूलशी जोडलेली नसते. लहान पुरवठादारांसाठी पेमेंट रन दर आठवड्याला ठेवा. महिन्यात दोनच रन असतील तर ४० व्या दिवशी तयार झालेलं बिल ५४ व्या दिवशी जाऊ शकतं. आणि ४६ व्या दिवशी व्याजाची नोंद आपोआप पडू दे, कुणी मागो न मागो. व्याजाचा खर्च ज्या विभागामुळे उशीर झाला त्याच्या खात्यावर टाका. क्यूसीला माणूस का कमी आहे हा प्रश्न मग पहिल्याच तिमाहीत सुटेल असा आमचा अंदाज आहे.

तक्रारीची वाट उरते. कलम १७७ खालची दक्षता यंत्रणा संचालक आणि कर्मचाऱ्यांसाठी आहे. ती पुरवठादारांना खुली करायला कायद्याची आडकाठी नाही. मात्र नुसता ई-मेल पत्ता पोर्टलवर छापून कुणी लिहिणार नाही. लिहिलेल्याचं शेड्यूल पुढच्या दोन तिमाहींत घटलं का, हे समितीने स्वतः पाहिलं पाहिजे. घटलं असेल तर कारण खरेदी प्रमुखाकडून लेखी मागावं. सूड कुणी पत्र पाठवून उगवत नाही. महिन्याचे २,००० नग गुपचूप १,२०० होतात.

आणि साखळीचं. आपल्या कंपनीला वाहन कंपनीकडून पैसे उशिरा येतात म्हणून आपण खाली उशीर करतो, हे कारण फार ऐकलं. कायद्यात ते नाही. वाहन कंपनीच्या संचालकांनाही हे पत्र आहेच.

पुढच्या बैठकीआधी कंपनी सचिव आणि वित्त प्रमुखांना एवढाच निरोप पाठवावा : मागच्या दोन एमएसएमई-१ च्या प्रती, आणि त्याच १२ महिन्यांचा एक तक्ता, सूक्ष्म व लघु, पुरवठादारनिहाय, दिवस ०–४५, ४६–६०, ६१–९०, ९० च्या वर, गेट एन्ट्रीच्या तारखेपासून मोजलेले. दोन्हींतले आकडे जुळले नाहीत तर मधला फरक जीआरएनने खाल्लेला असेल.

कळावे.

आपले,
लहान कारखान्यांचे हिशेब पाहणारे काही जण